पाणवठ्यावरची मंडळी

‘पाणी जपून वापरा’ ही सूचना आम्ही आजवर इतक्या भिंतींवर वाचली आहे की तिची गणती ठेवणे केव्हाच सोडून दिले. रेल्वे स्थानकावर ती असते, रुग्णालयात असते, शाळेच्या नळावर असते. आमच्या धर्मगुरुनिवासात हात धुण्याच्या जागीदेखील पूर्वीच्या कुणा धर्मगुरूने ती सुवाच्य अक्षरांत लिहून चिकटवली आहे. त्या सूचनेखालचा नळ मात्र, जिथे जिथे आम्ही पाहिला तिथे तिथे, बहुधा गळत असतो. लोकांना पाण्याचे मोल ठाऊक नाही असे आम्हांस वाटत नाही. ज्या घरात पहाटे चार वाजता उठून पाणी भरावे लागते त्या घराला हे मोल कोणी शिकवायला नको, आणि ज्या घरात चोवीस तास नळ वाहतो तेथील मंडळीही ‘पाणी म्हणजे जीवन’ या विषयावर उत्तम निबंध लिहू शकतात. मग घोडे अडते कुठे?

या प्रश्नाचा आम्ही बराच काळ विचार केला आहे. आमच्या मते ती सूचना एकट्या माणसाला उद्देशून असते, आणि शहरातील पाणी ही एकट्याने वाचविण्याची वस्तू नाही. न्हाणीघराचे दार लावून घेतल्यावर आत कोण किती पाणी ओततो हे शेजाऱ्यास दिसत नाही. विहिरीवर मात्र सारेच दिसे. किती हंडे कोणाच्या घरी गेले, पाणी कितव्या पायरीवर आले, दोर किती लांब सोडावा लागला, हे गावाला न विचारता कळे. नळ घरात आला आणि पाण्याचा हा चारचौघांतला हिशेब संपला. तो पुन्हा चारचौघांत, उघड्यावर, चौकात आणि धक्क्यावर मांडता येईल काय, एवढाच आमच्या या लेखाचा विषय आहे.

सध्या आमचे कार्यक्षेत्र रायगडच्या किनाऱ्यावर असल्यामुळे आगरदांड्यास वरचेवर जाणे होते. मुरूडच्या दक्षिणेस, राजपुरीच्या खाडीकाठी हे गाव वसले आहे. समोर खाडीपलीकडे दिघी. माणसे आणि वाहने वाहून नेणारी फेरीबोट या दोन काठांना जोडते, आणि शनिवार आला की दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर गाठण्याच्या घाईत असलेल्या मुंबई-पुण्याच्या मोटारींची रांग धक्क्यापासून मागे पसरत जाते. या किनाऱ्यावर वर्षाकाठी अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. मराठवाड्यातील माणसाला हा आकडा सांगितला तर तो आपली थट्टा चालली आहे असे समजेल. पण हा पाऊस चार महिन्यांत कोसळतो, उतारावरून धावतो आणि दर्याला मिळतो. जांभा दगड पाणी चटकन पितो आणि तितक्याच चटकन सोडून देतो. एप्रिल-मे उजाडला की कोकणात गावोगाव टँकरची वाट पाहणे सुरू होते.

समुद्राकाठच्या विहिरीचे आणखी एक दुखणे असते. जमिनीखाली गोडे पाणी हलके म्हणून वर तरंगते आणि खारे पाणी जड म्हणून त्याच्या खाली दबून असते. शास्त्रज्ञांचे साधे गणित असे की समुद्रसपाटीच्या वर एक हात गोडे पाणी उभे असेल तर सपाटीखाली सुमारे चाळीस हात गोडे पाणी टिकते. याचा उलटा अर्थ भयंकर आहे. पंप लावून वरचा एक हात उपसला की खालचे खारे पाणी चाळीस हात वर येऊ पाहते. विहीर एकदा मचूळ झाली की ती पुन्हा गोडी होण्यास कित्येक पावसाळे जावे लागतात. मुरूड आणि काशीदच्या बाजूला पर्यटकांसाठी खोल्या वाढल्या, प्रत्येकाने आपली कूपनलिका खोदली. पण सर्वांच्या नळ्या ज्या पाण्यात बुडालेल्या आहेत ते पाणी एकच आहे, हे कुंपणाच्या आत उभे राहून दिसत नाही.

येथून हाकेच्या अंतरावर जंजिऱ्याचा किल्ला आहे. राजपुरीहून शिडाच्या होडीने पर्यटक तेथे जातात, कलालबांगडी तोफेला हात लावून छायाचित्र काढून घेतात आणि किल्ला अजिंक्य का राहिला याची कथा वाटाड्याच्या तोंडून ऐकतात. तट, बुरूज, तोफा यांचे वर्णन रंगते. आत दोन मोठी गोड्या पाण्याची तळी आहेत, त्यांच्यापाशी मात्र कथा रेंगाळत नाही. चहूबाजूंनी खारा समुद्र आणि मधोमध पिण्याचे पाणी! वेढा पडल्यावर माणसे तोफगोळ्यांवर जगत नाहीत. आम्हांस विचाराल तर त्या किल्ल्याचा खरा बुरूज ती दोन तळी होत, आणि कोणीतरी त्या काठावर आठवड्यातून एकदा तरी पाण्याची गोष्ट सांगायला उभे राहिले पाहिजे. मुरूड शहराला आजही ज्या गारंबीच्या धरणाचा आधार आहे तेदेखील नवाबांच्या अमदानीतले. संस्थान १९४८ साली विलीन झाले. पाण्याची ही शिदोरी मात्र मागे राहिली.

पाणवठ्यावर जमणे ही आपल्या समाजाला काही नवीन गोष्ट नाही. मुंबईच्या गावठाणांतील आपल्या ईस्ट इंडियन बांधवांच्या लग्नात ‘उंबराच्या पाण्या’चा विधी असतो. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बँडच्या गजरात, नऊवारी लुगडी नेसलेल्या स्त्रिया गाणी म्हणत विहिरीवर जातात आणि वधूवरांच्या न्हाणाचे पाणी वाजतगाजत घरी आणतात. आम्ही तरुणपणी गोरेगावच्या सेमिनरीत शिकत असताना असल्या मिरवणुका पुष्कळ पाहिल्या. तेव्हा आम्हांस तो केवळ लग्नाचा आनंद वाटे. आज विचार करता दिसते की गावातील प्रत्येक लग्नागणिक सारा गाव एकदा विहिरीपाशी येऊन तिच्यात डोकावून जात असे. पाणी आटले आहे, कठडा ढासळला आहे, कोणी कचरा टाकला आहे, हे सर्वांच्या एकदमच ध्यानात येई. सभा नाही, ठराव नाही, आणि तरीही तपासणी होऊन गेली!

त्या विहिरींपैकी किती उरल्या? मुंबईत हिवतापाच्या बंदोबस्तासाठी विहिरी झाकण्याची वा बुजवण्याची मोहीम फार जुनी आहे. डॉ. बेंटले यांचा हिवतापावरचा अहवाल १९११ साली आला, आणि घरोघरच्या विहिरींत डास वाढतात हे दाखवून देण्यात आले. ते खोटे नव्हते. नळाचे पाणी तर आलेलेच होते. विहारचा तलाव १८६० सालीच पुरा झाला होता. तरीही काही विहिरी तगल्या. चर्चगेटजवळची भिका बेहराम विहीर १७२५ साली एका पारशी सद्‌गृहस्थाने खोदली. समुद्र इतका जवळ असूनही तिचे पाणी गोडे, आणि ती आज तीनशे वर्षांनंतरही जिवंत आहे, कारण पारशी मंडळी प्रार्थनेसाठी तेथे जमत राहिली. महापालिकेचे कागद सर्वांना सारखेच लागू होते. पण ज्या विहिरीभोवती माणसे होती तिच्यासाठी अर्ज-विनंत्या झाल्या. जिच्याकडे कोणी फिरकत नव्हते तिच्यावर आज मोटारी उभ्या असतात. गावठाणांत आता उंबराचे पाणी आणायला जागच्या जागी पिंप भरून ठेवावे लागल्याच्या हकीकती कानावर येतात. बँड तोच, गाणी तीच, विहीर तेवढी नाही.

येथे वाचक म्हणतील, फादरांना जुन्या दिवसांचे उमाळे येऊ लागले. तसे नाही. पाणवठ्यावरची मंडळी म्हटली की आम्हांस दोन चित्रे आठवतात, आणि दोन्ही सुखाची नाहीत. पहिले योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीचे. याकोबाच्या विहिरीवर ती भर दुपारी, एकटी येते. बायका पाण्याला सकाळ-संध्याकाळ जातात, उन्हाच्या कारात कोणी जात नाही. तिला इतरांची दृष्ट चुकवायची होती असा अर्थ अनेक भाष्यकारांनी लावला आहे. दुसरे चित्र आमच्याच जिल्ह्यातले. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव १९२४ साली केला होता. त्याला आधार होता १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर बोले यांनी आणलेल्या ठरावाचा. कागदावर तळे खुले आणि काठावर बंद, अशी स्थिती राहिली. शेवटी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह शहरातील रस्त्याने चालत तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. त्यानंतर मारहाण झाली, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, दावा झाला, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले.

म्हणून घरात आलेल्या नळाला आम्ही नावे ठेवणार नाही. नळाची चावी फिरविणाऱ्याला कोणी जात विचारीत नाही. ज्यांना विहिरीच्या काठावर ताटकळत, वरून कोणी ओतील तेवढे पाणी घेत पिढ्या काढाव्या लागल्या, त्यांच्यासमोर जुन्या पाणवठ्याचे गोडवे गाणे उद्धटपणाचे होईल. आम्ही ज्या जमण्याविषयी लिहीत आहोत त्याचे मूळ आम्हांस जुन्या विहिरीपेक्षा महाडच्या त्या मिरवणुकीत अधिक सापडते. सार्वजनिक पाण्याचा प्रश्न सार्वजनिक जागी, सर्वांच्या देखत, चालत जाऊन मांडायचा असतो, हे तिने दाखवून दिले.

पाण्याभोवती माणसे जमण्याचीच भीती वाटावी, अशीही वेळ या महाराष्ट्रावर आली. २०१६ सालच्या मार्चमध्ये लातूर शहरात पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती पाचांहून अधिक माणसांनी जमू नये असा जमावबंदीचा हुकूम जिल्हा प्रशासनाला काढावा लागला. टाकीपाशी मारामाऱ्या होण्याची भीती होती. एप्रिलच्या ११ तारखेस मिरजेहून पाण्याची आगगाडी निघाली. पहिल्या खेपेस दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी लातूरला पोहोचले. देशभरच्या वृत्तपत्रांत त्या गाडीची छायाचित्रे आली. तितकी छायाचित्रे न आलेली गोष्ट अशी की त्याच उन्हाळ्यात लातूरकरांनी ‘जलयुक्त लातूर’ या नावाने एकत्र येऊन, वर्गणी गोळा करून मांजरा नदीच्या पात्रातील गाळ उपसण्याचे काम साई-नागझरीच्या बाजूला हाती घेतले. व्यापारी, डॉक्टर, शिक्षक, हमाल सारेच त्यात होते. एकाच शहरात, एकाच उन्हाळ्यात पाण्यापाशी जमणे गुन्हा ठरले आणि उपायही ठरले. हंडा घेऊन रांगेत उभी असलेली आणि फावडे घेऊन नदीत उतरलेली माणसे तीच होती. रांगेत प्रत्येकाची नजर पुढच्याच्या हंड्यावर असते, नदीपात्रात ती खड्ड्यावर असते, एवढाच फरक.

मोठ्या शहरांतील आमचा स्वतःचा अनुभव याहून फार लहान आहे, तरी तो सांगावासा वाटतो. २००९ च्या पावसाळ्यात मुंबईच्या तलावांनी तळ गाठला आणि महापालिकेने जुलैमध्ये ३० टक्के पाणीकपात केली. पुढे ती कमीजास्त होत राहिली, पण २०१० चा उन्हाळाही कपातीतच गेला. त्या वेळी आम्ही मुंबईच्या एका उपनगरातील धर्मग्रामात साहाय्यक धर्मगुरू होतो. आपल्याकडे मे महिन्यात रस्त्याकाठच्या क्रुसापाशी रोज संध्याकाळी रोझरी आणि लितानी होते. यांपैकी पुष्कळ क्रूस १८९६ च्या प्लेगच्या साथीच्या काळात उभारलेले. साथीत घरांत कोंडून बसण्याऐवजी उघड्यावर येऊन देवाचा धावा करणाऱ्या आपल्या पणजोबा-पणजींची ती स्मारके होत. आमच्या भागातील क्रूस एका चौपदरी चढाच्या पायथ्याशी होता. एका बाजूला सात मजल्यांची इमारत, दुसऱ्या बाजूला टेकडीवर चढत गेलेली चाळ. दोन्हींकडील मंडळी लितानीला येत आणि चण्यांचा प्रसाद घेऊन आपापल्या वाटेने जात.

रोज पावणेसातच्या सुमारास, नेमकी लितानी चालू असताना, इमारतीच्या गच्चीवरील टाकी भरून वाहू लागे. पाण्याची धार थेट पदपथावर पडे. तिचा आवाज सर्वांना ऐकू येई आणि कोणी मान वर करीत नसे. आम्ही एक दिवस लितानी संपल्यावर मंडळींना पाच मिनिटे थांबण्याची विनंती केली, आणि एका आठवीतल्या मुलाकडून त्या धारेखाली वीस लिटरची बादली धरवली. बादली चाळीस सेकंदांत भरली. मुलाने तिथेच तोंडी हिशेब केला: मिनिटाला तीस लिटर, पंप बंद होईपर्यंत पंचवीस मिनिटे, म्हणजे साडेसातशे लिटर. सरकारी प्रमाणानुसार शहरातील माणसाला दिवसाकाठी १३५ लिटर पाणी मिळावयाचे असते. साडेपाच माणसांचे पाणी रोज रस्त्यावर जात होते.

कोणी काही बोलेना. मग चाळीतल्या एक बाई, ज्या एरवी कधी सभेत तोंड उघडत नसत, म्हणाल्या, ‘फादर, आमच्या घरी सात माणसं. बारा हंडे भरते मी. पहाटे साडेतीनला खाली येते, कारण वर आमच्याकडे पाणी चढतच नाही.’ त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते लागले असावे. बारा हंडे म्हणजे फार तर एकशे ऐंशी लिटर. इमारतीच्या व्यवस्थापनातील एक गृहस्थ ‘हा आमचा खासगी प्रश्न आहे’ असे म्हणून निघून गेले आणि त्या महिन्यात पुन्हा लितानीला आले नाहीत. पण तिसऱ्या दिवशी टाकीत नवा बॉलकॉक बसला. धार थांबली.

वाचलेले पाणी चाळीला मिळाले काय? तत्काळ नाही. नळाचे गणित दाबाचे असते, दयेचे नव्हे. इमारतीने पाणी वाचविल्याने टेकडीवरच्या नळाला आपोआप पाणी चढत नाही. दोन्हींकडच्या मंडळींचे बोलणे पुढे चालू राहिले, आणि ऑक्टोबरच्या रोझरी महिन्यापर्यंत इमारतीच्या फाटकाशी एक नळ निघाला, जो सकाळी तासभर चाळीसाठी उघडा राही. साडेतीनला उठणाऱ्या त्या बाई साडेपाचला उठू लागल्या. काही वर्षांनी इमारत पाडून तेथे मनोरा उभा राहिला, फाटक बदलले, आणि तो नळ गेला. क्रूस अजून आहे. क्रुसापाशी आता पाण्याचे कोणी बोलते की नाही हे तेथील मंडळींनीच सांगावे.

त्या पाच मिनिटांत व्याख्यानाचे एक वाक्यही नव्हते, आणि ते असते तर धार अजून वाहत राहिली असती असे आम्हांस वाटते. काम बादलीने केले. पण ती बादली रस्त्यात, ज्यांना पाणी मिळत नव्हते त्यांच्या समोर भरली, म्हणून केले. तीच बादली आम्ही गच्चीवर जाऊन एकट्याने भरली असती आणि आकडा सूचनाफलकावर लावला असता तर ‘पाणी जपून वापरा’च्या शेजारी आणखी एक कागद वाढला असता.

आपल्या वाचकांपैकी जे वसईचे आहेत त्यांना हे सारे जुनेच वाटेल. गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वसईच्या वाड्यांतील विहिरी टँकरवाल्यांनी उपसायला घेतल्या. पाणी नव्या वसाहतींना विकले जाऊ लागले आणि बागायतीच्या विहिरी खाऱ्या होण्याचे चिन्ह दिसू लागले. तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या नावाने लोकांना मैदानांत आणि गावच्या नाक्यांवर एकत्र केले. त्या सभांना केवळ ख्रिस्ती नव्हते, आणि धमक्यांना न जुमानता लोक येत राहिले. पुढे २०२० साली धाराशिवच्या, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले फादर दिब्रिटो २०२४ च्या जुलैत निवर्तले. त्यांच्या साहित्यावर पुष्कळ लिहिले गेले. भर उन्हात नाक्यावर उभे राहून विहिरीच्या पाण्यावर बोलणारा हा धर्मगुरू आमच्या पिढीच्या धर्मगुरूंना मात्र अधिक ओळखीचा. वसईची बावखले हाही त्याच कथेचा भाग. वाडीतील माती काढून खणलेली ही पावसाच्या पाण्याची तळी. त्यांतून बागांना पाणी मिळे आणि आसपासच्या विहिरींचे झरे भरलेले राहत. जागेचे भाव वाढले तशी अनेक बुजली. अलीकडच्या वर्षांत तेथील तरुण मंडळी रविवारी एकत्र येऊन बावखलांतील गाळ आणि शेवाळ काढतात हे ऐकून आम्हांस फार बरे वाटले.

गोव्यात तर पाण्यापाशी जमण्याचा सणच आहे. २४ जूनला, संत जॉन बाप्तिस्ताच्या जन्मदिनी, डोक्यावर फुलापानांची कोपेल घातलेले तरुण घुमट वाजवीत वाड्यावाड्यांतून फिरतात आणि विहिरींत उड्या घेतात. नव्या जावयाचा मान मोठा. ज्या विहिरीत उडी घ्यायची ती साफ हवी आणि तिच्यात पाणी हवे, हे वेगळे सांगावे लागत नाही. आमच्या एका गोवेकर धर्मबंधूच्या मते सांजांव हे विहिरींचे वार्षिक संमेलन आहे! त्यात मद्याचा भाग थोडा कमी झाला तर आमची काही तक्रार नाही.

दूरचे उदाहरण द्यायचे तर दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊनचे देता येईल. तेथे १ फेब्रुवारी २०१८ पासून माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा आली. न्यूलँड्स येथील झऱ्यावर श्रीमंत-गरीब, काळे-गोरे कॅन घेऊन एका रांगेत उभे राहू लागले. त्या शहरातील वस्त्या वर्णभेदाच्या काळापासून वेगळ्या. अशा रांगेत कित्येकांनी परस्परांना प्रथमच जवळून पाहिले असेल. गर्दी आणि कटकटी वाढल्यामुळे त्या झऱ्याचे पाणी पुढे दुसरीकडे वळवावे लागले, हेही खरे. माणसे जमली की सारे गोडच होते असे नव्हे.

आता पुन्हा आगरदांड्याकडे. धक्क्यावर फेरीबोटीसाठी थांबलेला माणूस अर्धा तास मोकळा असतो. कोळणी टोपल्या टेकून बसलेल्या असतात, शाळेची मुले असतात, बंदरावर कामाला आलेली परप्रांतीय मंडळी असतात, मोटारींतून उतरून सरबत पिणारे पर्यटक असतात. इतक्या भिन्न तऱ्हेची माणसे आमच्या मंदिरात येत नाहीत, आणि मशिदीत वा देवळातही एका वेळी येत नाहीत. म्हणून आम्ही गेल्या उन्हाळ्यात गावातील मौलवीसाहेबांना आणि देवळाच्या मंडळींना भेटून सुचविले की गावविहिरीचे पाणी महिन्यातून एकदा सर्वांसमक्ष मोजावे आणि आकडा धक्क्यावरील फळ्यावर लिहावा. मौलवीसाहेबांनी लगेच होकार दिला. त्यांच्याकडे वुजूच्या पाण्याबाबत काटकसरीची शिकवण आहेच, ती ते मंडळींना नव्याने सांगत होते. देवळाच्या मंडळींनी एक अट घातली: मोजणी रविवारी पाचनंतर व्हावी, म्हणजे बायकांना येता येईल. ही अट आमच्या मनात आली नव्हती आणि ती सर्वांत शहाणी निघाली.

दोराला हाताहातावर चुन्याची खूण करून तो विहिरीत सोडतात. खोली लिहितात, आणि एका भांड्यात पाणी काढून दोघे-तिघे चव पाहतात: गोड, किंचित मचूळ, खारट. यंत्र नाही, खर्च नाही. एप्रिलात पाच हात पाणी होते, मेच्या अखेरीस अडीच हात, चव ‘किंचित मचूळ’. फळ्यावर हे वाचून एका खोल्यांच्या मालकाने कुरकुर केली की असे लिहिल्याने पाहुणे घाबरतील. तेथेच बसलेल्या एका कोळी मावशी म्हणाल्या, ‘घाबरूं दे ना दादा. दोन बादल्या कमी ओततील.’ लोक हसले, आणि मालकही हसले. पुढच्या मोजणीला ते आले आणि आपल्या कूपनलिकेचे पाणी बाटलीत घालून चव पाहण्यास घेऊन आले. ते विहिरीच्या पाण्याहून अधिक खारट होते. त्यांनी ते फळ्यावर लिहू दिले नाही. पण आपल्या अंगणातील हिरवळीवर पाणी मारणे बंद केल्याचे त्यांनीच नंतर आम्हांस सांगितले.

याने आगरदांड्याचा पाणीप्रश्न सुटला असे आम्ही म्हणणार नाही. गारंबीचे पाणी, नळयोजना, बंदराची गरज हे मोठे विषय शासनाचे आहेत आणि तेथे अर्ज करावेच लागतील. परंतु अर्जावर सही करणारी माणसे फळ्यासमोर उभी राहून तयार होत आहेत.

यंदाच्या उन्हाळ्यातील पहिली मोजणी २० मार्चला ठेवावी असे शाळेतील एका शिक्षकांनी सुचविले. जागतिक जलदिन २२ मार्चला असतो, तेव्हा तो का नको, असे कोणी विचारले. ते म्हणाले, ‘महाडचा दिवस आधी येतो.’ २०२७ साली त्या घटनेला शंभर वर्षे पूर्ण होतात. सर्वांना ते पटले, तारीख ठरली. दोर कोळीवाड्यातून येणार आहे, फळा शाळेचा, आणि चुना कालवून आणण्याचे काम आमच्याकडे आले आहे.